तीन नंबरचा कॉम्प्युटर

नलूची कुणी तारीफ केली की ती आधी त्या माणसाचं तोंड बघते. खरंच बोलतोय की फिरकी घेतोय याची खात्री करायला जाते, आणि खात्री काही तिची होत नाही. उमरखेडला तिचं फॉल-पिकोचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, काय सुरेख बसला जी फॉल!" की हिचा चेहरा आखडलाच म्हणून समजा. नवरा अमर, पंपाच्या जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देणारा सरळ माणूस. पोटात एक आणि ओठात एक हे त्याला उभ्या जन्मात जमलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तो म्हणाला, "भाजी मस्त झाली," तर ही म्हणते कशी, "कायले मजाक करता?" दोन-चारदा असं झालं आणि बिचाऱ्यानं तारीफ करणंच सोडून दिलं. आता तो निमूट जेवतो आणि ताट उचलून मोरीत ठेवतो.

गल्लीतल्या बाया म्हणतात, बाई तिरसट आहे. म्हणेनात का! त्यांना काय माहीत, की एके काळी याच नलूनं कुठे कुठे बसलेल्या मराठी माणसांना खो खो हसवलं होतं. त्यातला एक जण खरा होता की खोटा, हे तिला वीस वर्षं कळलं नाही. बाकीचे हसले काय आणि न हसले काय, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो एक खरा होता का, एवढंच तिला हवं होतं. ते विचारायला जागाच उरली नव्हती.

त्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिनं मोबाइलवर 'ओसरी' उघडली. अधूनमधून ती उघडायची. तिथला एक जुना धागा वाचायचा आणि बंद करायचा, एवढंच. कुणी देवळात जातं, कुणी माहेरच्या रस्त्यानं उगाच चक्कर मारून येतं, तसं. तर त्या दिवशी वर लाल अक्षरांत लिहिलेलं: ओसरी येत्या रविवारी कायमची बंद होत आहे.

मुलगी उर्वशी सुट्टीला अमरावतीहून घरी आली होती. आईचे डोळे भरलेले बघून ती घाबरली आणि मोबाइलमध्ये डोकावली.

"काय झालं व आई? कोणता ग्रुप बंद होऊन राह्यला?"

"ग्रुप नाही बाई. ओसरी."

"मंग तेच ना. व्हॉट्सॲप ग्रुप."

आता या पोरीला कसं समजावायचं! व्हॉट्सॲपवर सकाळी टाकलेलं संध्याकाळपर्यंत वाहून जातं. ओसरीचं तसं नव्हतं. परदेशात नोकरीला गेलेल्या चार मराठी माणसांनी ती साइट काढली होती आणि घरासारख्या तिला खोल्या पाडल्या होत्या. स्वयंपाकघरात पाककृती, माळ्यावर जुन्या आठवणी, गच्चीवर कविता, अंगणात गावाकडच्या गोष्टी. कुणीतरी एक विषय काढायचा, तो झाला धागा. त्याच्याखाली बाकीच्यांनी लिहायचं, ते प्रतिसाद. ज्या धाग्यावर नवा प्रतिसाद पडला तो टुणकन सगळ्यांच्या वर यायचा. ज्याला कुणी पुसत नाही तो खाली खाली सरकत मागच्या पानांवर जाऊन पडायचा, पण मिटत मात्र नव्हता. पाच वर्षांनी कुणी एक ओळ लिहिली की पुन्हा वर.

नुसते वाचणारे आणि कधीच न लिहिणारे, त्यांना 'वाचनमात्र' म्हणायचे. भांडणं लागली की मिटवायला चार-पाच 'कारभारी' होते. भांडण हाताबाहेर गेलं की ते धाग्याला कुलूप लावायचे. मग वाचता येई, लिहिता येत नसे. माणूस फारच माजला तर त्याचा आयडीच बंद. आणि एका गुन्ह्याला तर ओसरीवर माफीच नव्हती: एकाच माणसानं दोन नावं घ्यायची, एका नावानं लिहायचं आणि दुसऱ्या नावानं स्वतःचीच वाहवा करायची. लोक अशा माणसाचा पार पिच्छा पुरवायचे.

एक गोष्ट मात्र तिथे फार चांगली होती. आयडीला आडनाव नसतं. आपल्याकडे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनाव, आणि आडनाव कळलं की माणूस मनातल्या मनात तुम्हाला कुठल्या वस्तीत बसवायचं ते बसवून मोकळा होतो. ओसरीवर ते कुणी विचारायचं नाही, असा रिवाजच होता. नलूला तेच आवडलं होतं.

ती तेव्हा यवतमाळला मामाकडे राहून डी.एड. करत होती. घर राळेगावकडचं, वावरं कापूस-तुरीची, आणि घरच्यांची ताकीद, की कॉलेज ते घर, घर ते कॉलेज. शनिवारी कॉलेज लवकर सुटायचं. बसस्टँडमागच्या गल्लीत खेमसिंगचा कॅफे होता. एका लांबट खोलीत सहा कॉम्प्युटर, मधे प्लायवूडची पार्टिशनं, दारात चपलांचा ढीग आणि पुढे काउंटरवर स्वतः खेमसिंग. नलू गेली ती खरं तर रिझल्ट बघायला. बघता बघता ओसरी सापडली, पण तिथे मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोनी डबे दिसत होते. खेमसिंगनं डोकं खाजवलं, कुणाला तरी फोन लावला आणि तीन नंबरच्या मशीनवर मराठी बसवून दिलं.

"आता तुम्ही तीनवरच बसत जा जी ताई," तो म्हणाला. "तीन अन् चार, दोनच मशीनवर मराठी दिसते."

चार नंबरवर मराठी कुणासाठी बसवलं होतं, हे विचारायचं तिला सुचलं नाही. कशाला सुचेल? विसाव्या वर्षी माणूस असले प्रश्न विचारतं का कधी!

आयडी घेतला 'पळसफूल'. गाव काय लिहायचं तिथे ती अडली. एकटी पोरगी, कुठे कोण काय करेल, मामाच्या कानावर गेलं तर कॅफेच बंद व्हायचा. तिनं लिहून टाकलं: पुणे. एवढंसं खोटं. पुण्यात लाखांनी माणसं राहतात, त्यात एक पळसफूल कोण शोधतो!

आणि मग तिनं अंगणात धागा काढला, 'आमची मामी'. ही मामी म्हणजे एक वल्लीच होती. घरात नवा मिक्सर आला तर ती त्याला जावई म्हणायची. कुणी बटण जोरात फिरवलं की ओरडायची, "अवो माय, हळू! जावयाले राग आला की घुर्र करून बसून जाते!" चटणी वाटून झाली की मिक्सरवर टॉवेल पांघरायची. नलूनं ते सगळं मामीच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहिलं. लोक वेडे झाले. कुणी कुवेतहून लिहिलं, कुणी नागपूरहून, की आमच्या घरीही असंच. आणि सगळ्यांत पहिला प्रतिसाद होता 'टिपेश्वर' नावाच्या आयडीचा. गाव: वऱ्हाड. त्यानं लिहिलं होतं, "पळसफूल, तुमचा जावई बरा, एका जागी बसते. आमच्या शाळेतला टेबलफॅन पाह्यला नाही तुम्ही. पोरायकडे पाठ अन् हेडमास्तरकडे तोंड. नोकरीत लय पुढे जाईन."

नलू त्या डब्यासारख्या जागेत बसून तोंडावर ओढणी धरून हसली.

मग ते चालूच झालं. दर शनिवारी तिनं मामीचा नवा किस्सा टाकायचा आणि त्यानं त्याला जोड द्यायची. तिनं टोला मारायचा, त्यानं झेलायचा. दोघांनी मिळून तो धागा महिनोन्महिने अंगणात सगळ्यात वर ठेवला. खरं नाव कुणी कुणाला विचारलं नाही. पण आठवडाभर काहीही घडलं, मामी शेजारणीशी भांडली, पोळी करपली, पेपर अवघड गेला, की हिला वाटायचं, हे टिपेश्वरला सांगायला पाहिजे. प्रेम वगैरे शब्द तिनं तेव्हा मनातही आणला नाही. शनिवारची मात्र ती रविवारपासूनच वाट बघायची. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

एकाच गोष्टीचा तिला मनस्वी त्रास होता. उजवीकडच्या चार नंबरवर शनिवारी एक माणूस येऊन बसायचा. प्लायवूडच्या फटीतून त्याच्या चौकडीच्या शर्टाची बाही तेवढी दिसायची. हा माणूस हसायचा. बरं, साधं हसणं नाही! आधी नाकातून फुसफुस, मग दाबून धरलेलं, आणि शेवटी टेबलावर थाप मारून खदाखदा. नलूनं मनापासून काही लिहून पाठवावं, टिपेश्वर काय म्हणतो याची जीव मुठीत धरून वाट बघावी, आणि नेमका तेव्हाच हा बाबा खिंकाळायचा. कोणते अचकट विचकट विनोद वाचत बसतो मेला, असं म्हणून ती दात-ओठ खायची. एकदा ती तणतणत काउंटरवर गेली.

"त्या चार नंबरवाल्याले सांगा हो जरा. मले लिहू देत नाही तो. हसायचंच आहे त बाहेर जाऊन हस म्हणा."

खेमसिंगनं सांगितलं असावं. पुढच्या शनिवारी पलीकडून नुसती तोंडात रुमाल कोंबल्यासारखी घुसमट ऐकू आली.

उन्हाळ्यात लोडशेडिंग सुरू झालं. लाइट गेली की सगळे कॉम्प्युटर फटाफट बंद व्हायचे. माणसं बाहेर येऊन चहाच्या टपरीपाशी उभी राहायची. नलू एकटी दाराच्या पायरीवर थांबायची. लाइट आली की सगळे पुन्हा आपापल्या डब्यात. आणि अशाच एका शनिवारी, ती उठायच्या बेतात असताना, टिपेश्वरनं धाग्यावर लिहिलं: "पळसफूल, एक कोडं पडलं आहे. आमच्याकडची लाइट गेली की तुम्हीही गप होता, अन् आली की तुम्हीही येता. पुण्याची अन् आमची लाइन एकच आहे काय? खरं गाव सांगा."

नलू दचकली आणि लगेच तिला गोडही वाटलं. उत्तर एका शब्दाचं होतं. तिनं ते टाइप केलंसुद्धा आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. खोटं बोलले म्हणून तो रागावला तर? नीट विचार करून पुढच्या शनिवारी सांगू, असं ठरवून ती घरी गेली. तो आठवडा तिचा कसा गेला म्हणता! पोळ्या लाटताना ती मनात वाक्यं जुळवत होती, आणि मामी म्हणत होती, "काय व, एकटीच काहून हसून राह्यली?"

शनिवार आला. तिनं ओसरी उघडली, धागा उघडला, आणि खाली कारभाऱ्यांची पाटी दिसली: 'पळसफूल' आणि 'टिपेश्वर' हे दोन्ही आयडी एकाच ठिकाणाहून चालवले जात असल्याचं सिद्ध झालं आहे. एकाच व्यक्तीनं दोन नावांनी लिहून सदस्यांची फसवणूक केली आहे. दोन्ही आयडी कायमचे बंद करण्यात येत आहेत. धाग्याला कुलूप.

वर कुणा 'परखड' नावाच्या आयडीची तक्रार होती. लाइटचं कोडं वाचून त्याच्या डोक्यात किडा वळवळला होता. दोघं एकाच वेळी येतात, एकाच वेळी जातात, म्हणजे माणूस एकच, हे उघड आहे, असं त्यानं लिहिलं होतं. खाली लोकांनी शिव्यांची नुसती लाखोली वाहिली होती. कालपर्यंत पोट धरून हसणारे लोक ते! नलूनं पुन्हा पुन्हा वाचलं. आपण तर एकच नाव घेतलं आहे. आपण काही टिपेश्वर नाही. मग एकाच ठिकाणाहून म्हणजे काय?

आणि मग तिला कळलं, निदान तिला तसं वाटलं. तिच्या वर्गातल्या पोरी म्हणायच्याच, की कॅफेवाला काउंटरवर बसून सगळ्यांचं बघत असतो. म्हणजे टिपेश्वर होता इथेच. हा खेमसिंग, नाहीतर बाहेरच्या टपरीवरची टोळकी. पोरगी दर शनिवारी येते, तोंडावर ओढणी धरून हसते, चला तिची गंमत करू. तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ती उठली, काउंटरकडे न बघताच बाहेर पडली आणि चप्पल हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत तशीच चालत गेली. चार नंबरवर त्या वेळी कोणी होतं की नव्हतं, तेही तिनं पाहिलं नाही.

पुन्हा ती त्या गल्लीत फिरकली नाही. लग्न झालं, उमरखेडला आली, उर्वशी झाली. बरं चाललं. वाईट काहीच नाही. फक्त कुणी "छान" म्हटलं, की हिच्या मनात ती टपरीवरची टोळकी खदाखदा हसायला लागायची. गमतीचं असं तिनं त्यानंतर एक ओळ लिहिली नाही, घरात एक किस्सा सांगितला नाही. पोरीला आपली आई विनोदी होती हे ऐकूनही खरं वाटेना.

हे सगळं ऐकून उर्वशीनं आईचा मोबाइल हातात घेतला. मग म्हणाली, "आई, त्या लाल पाटीखाली फोन नंबर आहे. लाव."

"आता कायले? गेलं ते."

"लाव तू."

फोन पुण्याच्या कौसल्याताईंनी उचलला. त्या जुन्या कारभारीण, आता वय झालेल्या, बोलणं हळू. नलूनं सांगितलं, मी पळसफूल.

"पळसफूल? मामीवाली? अगं, पण म्हणजे तू... तू टिपेश्वर नव्हतीस?"

"नाही हो. मी एकटीच होती. मले फक्त सांगा, तो कोण होता?"

"ते मला नाही माहीत गं. पण तो आम्हाला किती दिवस मेल करत होता! आम्ही दोन माणसं आहोत म्हणायचा, ती वेगळी आहे म्हणायचा, तिचा आयडी तेवढा उघडा, माझा राहू द्या म्हणायचा. आम्ही मानलंच नाही. तुझं गाव पुणे आणि लिहिणं यवतमाळहून, त्याच जागेवरून. आम्हाला वाटलं, पुरावाच मिळाला. आमच्याकडे तेव्हा घरोघर कॉम्प्युटर होता. एक घर, एक कनेक्शन, एक माणूस. अख्खा कॅफे बाहेरून एकच पत्ता दिसतो, शेजारी शेजारी दोन अनोळखी माणसं बसलेली असू शकतात, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. नंतर पुष्कळ वर्षांनी कळलं. तोवर कुणाला शोधणार? माफ कर गं मला."

माफ काय करायचं? पुण्यातल्या बाईला खेमसिंगच्या दुकानातलं प्लायवूड कुठून दिसणार! नलूनं "असू द्या जी" म्हटलं आणि फोन ठेवला, आणि मग शिलाई मशीनवर डोकं टेकून रडली. तो खरा होता. वीस वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो खरा होता, आणि 'तिचा तेवढा उघडा' म्हणून लोकांची विनवणी करत होता. संध्याकाळी कौसल्याताईंचा निरोप आला: धाग्याचं कुलूप काढलं आहे, तुझा आयडी उघडला आहे, रविवारपर्यंत काय लिहायचं ते लिही.

नलू शनिवारच्या पहिल्या बसनं निघाली. पुसदवरून यवतमाळ. अमरला एवढंच सांगितलं, की जुनं एक काम राहिलं आहे. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवीत पाण्याची बाटली ठेवली.

गल्ली तीच होती. पाटी बदलली होती. कॅफे जाऊन तिथे ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन आलं होतं. पार्टिशनं कधीच निघाली होती, खोली निम्मी करून मधे भिंत घातली होती आणि दोनच कॉम्प्युटर उरले होते. केस पांढरे झालेला खेमसिंग चष्म्यावरून बघत म्हणाला, "बोला ताई, काय काढू? सातबारा?"

"भाऊ, तुम्ही मले ओळखलं नसन. मी पहिले इथं येत होती. तीन नंबरवर."

खेमसिंगच्या हातातला कागद तसाच राहिला.

"मराठीवाल्या ताई?" तो उभाच राहिला. "अरे बाप्पा! तुम्ही कुठं गेलत्या जी? तुमच्यासाठी एक निरोप आहे माह्याजवळ. किती वर्षं झाले, मले वाटलं सांगनं होतेच की नाही!"

"कोणाचा निरोप?"

"चार नंबरवाल्याचा. इंद्रजित गुरुजीचा. ते हसत नव्हते काय..."

खेमसिंग सांगत होता ते तिच्या कानावर पडत होतं आणि त्याच्या पुढेपुढे तिचं मन धावत होतं. राळेगावकडच्या आश्रमशाळेतला मास्तर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बस धरून यायचा. चार नंबरवर मराठी त्याच्यासाठीच बसवलं होतं. तो काय वाचायचा? ओसरी. टिपेश्वर तोच. आणि हसायचा कधी? तिनं लिहून पाठवलं की. मामीवर. जावयावर. टॉवेल पांघरलेल्या मिक्सरवर. अचकट विचकट काही नव्हतं. ते खदाखदा हसणं, ती टेबलावरची थाप, सगळं तिच्यासाठीच होतं, आणि तिनं तणतणत जाऊन त्याला गप करायला लावलं होतं.

"तुम्ही येनं बंद केलं," खेमसिंग म्हणाला, "तवा मी त्यायले मजाकमधी म्हटलं, गुरुजी, तुमच्या हसण्यापायी माह्यं एक गिऱ्हाईक तुटलं. ते एकदम म्हणाले, कोणतं गिऱ्हाईक? मी म्हटलं, तीन नंबरवाली पोरगी, मराठी लिहायची. ते म्हणाले, कधीपासून नाही आली? मी सांगितलं. मंग चेहरा असा झाला त्यायचा... मले म्हणाले, नाव सांग, पत्ता सांग. मी नाही सांगितला ताई. पोरीबाळीचा पत्ता मी कोणाले देत नव्हतो, मंग तो गुरुजी असो की कोणी असो. चुकलं काय माह्यं?"

"नाही भाऊ. बरोबर केलं तुम्ही."

"मंग ते म्हणाले, ठीक आहे. त्या आल्या त एवढं सांगजा, चार नंबरवाला आता हसत नाही. येत जा म्हणा."

बाहेरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेला. नलूच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"अन् खरंच हसले नाहीत जी. वर्षभर येत राह्यले शनिवारी. मशीन चालूबी करत नव्हते कधी कधी. दाराकडं पाहत बसायचे. मंग बदली झाली."

"आता कुठं असतात?"

खेमसिंगनं चष्मा काढला. "नाही ना ताई. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यायच्या शाळेतल्या पोरायनं चौकात फोटो लावलता, तवा मले समजलं."

"लग्न केलतं?"

"हो ना. दोन लेकरं आहेत. चांगलं होतं सगळं."

"बरं झालं," नलू म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग पदर तोंडात कोंबून ती तशीच उभी राहिली. कुणाला हाक मारायची होती तिला, आणि नाव तर आजच कळलं होतं.

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं आणि विचारलं, "भाऊ, एक कॉम्प्युटर मिळन काय?"

खेमसिंगनं आतला मशीन लावून दिला. तीन नंबर होता साधारण तिथेच तो ठेवलेला होता. तिनं ओसरी उघडली. आधी आपल्या माहितीत जाऊन गाव बदललं. पुणे पुसून यवतमाळ लिहिलं. मग धागा उघडला. टिपेश्वरचा प्रश्न होता तिथेच होता. कुलूप निघालं होतं. तिनं हळूहळू टाइप केलं:

"टिपेश्वर, तुमच्या कोड्याचं उत्तर द्यायचं राह्यलं होतं. पुणे खोटं होतं. मी यवतमाळचीच, तुमच्या बाजूची, तीन नंबर. इंद्रजित गुरुजी, मामी अजून आहे, अन् आता ती मोबाइलले सून म्हणते. दिवसभर हातात राहते पण कामाची नाही म्हणते. तुम्ही हसत जा. मले काही त्रास नाही."

तिनं बटण दाबलं. वीस वर्षं तळाला पडलेला धागा अंगणात सगळ्यात वर आला. आणि जुन्या सवयीनं ती श्वास रोखून, उजवीकडे कान देऊन थांबली. उजवीकडे आता भिंत होती. कोणी हसलं नाही.